वळत्या फटक्याची परंपरा : स्पूनपासून हायब्रिडपर्यंत

गोल्फच्या खेळात चेंडू सरळ जावा, अशी शिकाऊ खेळाडूची इच्छा असते. तो हवा तेव्हा, हवा तिकडे व हवा तेवढाच वळावा, अशी जाणत्या खेळाडूची. या दोन इच्छांमधील अंतर म्हणजेच या खेळाच्या तंत्राचा बराचसा इतिहास होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘हायब्रिड’ या नावाचा जो क्लब सर्वत्र रूढ झाला, त्याच्या निमित्ताने हा इतिहास पुन्हा चर्चेत आला. हायब्रिडमुळे लांबचा फटका सोपा झाला, परंतु चेंडूला वळण देण्याची जुनी कला मात्र लयास चालली, असा एक पक्ष आहे. हायब्रिड हे सर्वस्वी नवे हत्यार आहे, असे गृहीत धरणारा दुसरा पक्ष आहे. ही दोन्ही मते ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकतात, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी परिभाषा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ‘क्लब’ हा शब्द येथे संस्थेच्या अर्थी नसून खेळण्याच्या काठीच्या अर्थी योजला आहे. क्लबचा जो पृष्ठभाग चेंडूवर आदळतो त्यास ‘मुख’ आणि ते मुख मागे जितके कललेले असते त्यास ‘कल’ म्हटले आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू हवेत उजवीकडे बेताने वळला तर तो ‘फेड’, बेसुमार वळला तर ‘स्लाइस’. डावीकडे बेताने वळला तर ‘ड्रॉ’, बेसुमार वळला तर ‘हुक’. बेताचे वळण गुण ठरते आणि बेसुमार वळण दोष. दोहोंचे कारण मात्र एकच असते. ही गोष्ट पुढील विवेचनात वारंवार प्रत्ययास येईल.

१

स्कॉटलंडच्या पार्लमेंटने इ. स. १४५७ मध्ये फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांस बंदी केली. हे खेळ धनुर्विद्येच्या अभ्यासाच्या आड येतात, असे त्या कायद्याचे कारण होते. बंदी घालावी लागली, यावरूनच हा खेळ त्या काळी किती बोकाळला होता हे ध्यानात येते. १४७१ आणि १४९१ मध्ये बंदीचा पुनरुच्चार करावा लागला. पुढे चौथा जेम्स या राजाने १५०२ मध्ये पर्थ येथील धनुष्ये करणाऱ्या एका कारागिराकडून स्वतःच क्लब विकत घेतल्याची नोंद मिळते. ज्या धनुर्विद्येसाठी गोल्फ वर्ज्य ठरला होता, तिच्याच कारागिराने राजाला गोल्फचे साहित्य पुरवावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कारण लवचीक लाकडाची पारख ही दोन्ही धंद्यांची सामाईक विद्या होती.

अठराव्या शतकात खेळास नियमबद्ध रूप आले. लीथ येथील मंडळाने १७४४ मध्ये तेरा नियम लिहून काढले. सेंट अँड्रूज येथील मंडळ १७५४ मध्ये स्थापन झाले व १८३४ मध्ये त्यास राजमान्यता मिळाली. हिंदुस्थानात हा खेळ ब्रिटिशांबरोबर आला. कलकत्त्याचे गोल्फ मंडळ १८२९ मध्ये व मुंबईचे १८४२ मध्ये स्थापन झाले. म्हणजे सेंट अँड्रूजच्या मंडळास ‘रॉयल’ ही पदवी मिळण्यापूर्वीच कलकत्त्याच्या मैदानावर हा खेळ संघटित रीतीने चालू होता.

या काळातील चेंडू चामड्याचा असे. ओल्या चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरीत. वाळताना चामडे आकसे, पिसे फुलत आणि चेंडू दगडासारखा घट्ट होई. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी असे तीन-चारच चेंडू तयार होत. त्यामुळे ते महाग असत. लोखंडी क्लबच्या धारेने चामडे फाटे व पावसात शिवण सैल होई. साहजिकच खेळाडूचा भर लाकडी क्लबांवर असे. त्यांत ‘स्पून’ या नावाचा एक वर्ग होता. मुख चमच्यासारखे किंचित खोलगट व मागे कललेले, म्हणून हे नाव पडले. लांब, मध्यम आणि आखूड असे स्पूनचे प्रकार असत. अधिक कल असलेला ‘बॅफिंग स्पून’ जमिनीला किंचित स्पर्श करून चेंडू उंच उडविण्याच्या कामी येई. सेंट अँड्रूज येथील ह्यू फिल्प (मृत्यू १८५६) याच्या हातचे क्लब पुढे संग्राहकांना दुर्मिळ ठेव्याप्रमाणे वाटू लागले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गवतावरून चेंडू सहज उचलणारा, लाकडी डोक्याचा, मध्यम लांबीचा व मुखास बऱ्यापैकी कल असलेला क्लब ही गरज एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मान्य झाली होती. हायब्रिडचे प्रयोजन शब्दशः हेच आहे.

२

मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गट्टा-पर्चा या द्रव्याचे नमुने विल्यम माँटगोमरी याने १८४३ मध्ये सिंगापूरहून इंग्लंडला पाठविले. पाच वर्षांनी, म्हणजे १८४८ च्या सुमारास, त्या द्रव्याचे चेंडू स्कॉटलंडच्या मैदानांवर दिसू लागले. पूर्वेकडून आलेल्या एका विष्णुमूर्तीभोवती वेष्टन म्हणून आलेल्या गट्टा-पर्चापासून पहिला चेंडू घडविला गेला, अशी एक कथा सेंट अँड्रूजमध्ये सांगितली जाते. आख्यायिका म्हणूनच तिचा उल्लेख करणे योग्य होईल.

नव्या चेंडूने जुन्या धंद्यावर कुऱ्हाड घातली. पिसांचे चेंडू करण्यात अग्रगण्य असलेला ॲलन रॉबर्टसन (१८१५–१८५९) आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांच्यात याच कारणावरून फूट पडली, आणि मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. परंतु रॉबर्टसननेही पुढे काळाची पावले ओळखली. गट्टीचा चेंडू लोखंडाचा मार सहन करी. त्यामुळे ‘क्लीक’ हा अरुंद पात्याचा लोखंडी क्लब हिरवळीकडे चेंडू नेण्यासाठी वापरण्याची प्रथा त्यानेच लोकप्रिय केली, असे मानले जाते. अशा रीतीने चेंडूच्या द्रव्यात झालेल्या पालटामुळे लाकडाची सद्दी ओसरून लोखंडाची सुरू झाली. लांबचा लोखंडी फटका हा गोल्फचा सनातन भाग नसून चेंडू स्वस्त व चिवट झाल्याचा तो परिणाम आहे.

गट्टीच्या चेंडूने आणखी एक कोडे पुढे आणले. नवा, गुळगुळीत चेंडू हवेत मध्येच डुबकी घेई; मात्र खेळून ओरखडे पडलेला चेंडू अधिक दूर व अधिक भरवशाने जाई. कारागिरांनी कारणाची वाट न पाहता नव्या चेंडूवर हातोडीने खाचा पाडण्यास प्रारंभ केला. कारण उमगण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

३

वळणाच्या कारणाचा शोध गोल्फच्या मैदानावर सुरू झाला नाही. न्यूटनने प्रकाशाविषयीच्या १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात, तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो, या आपल्या निरीक्षणाचा उल्लेख केला आहे आणि फिरकीमुळे चेंडूच्या एका अंगास हवेचा दाब अधिक लागतो, असा तर्क मांडला आहे. त्याचा मूळ विषय प्रकाशकिरण होता. चेंडू केवळ दृष्टान्तापुरता आला.

तोफशास्त्राचा अभ्यासक बेंजामिन रॉबिन्स (१७०७–१७५१) याने हाच प्रश्न प्रयोगाने सोडविण्याचा प्रयत्न केला. त्याने बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे वाकविले. अशा नळीतून निघणारी गोळी डावीकडे जाणार हे उघड होते. परंतु रॉबिन्सचे भाकीत असे होते, की नळीच्या उजव्या बाजूस घासत गेल्यामुळे गोळीस फिरकी मिळेल आणि ती पुढे उजवीकडे वळेल. मार्गात कागदी पडदे उभारून त्याने गोळीची छिद्रे तपासली व भाकीत खरे ठरले. थोर गणितज्ञ ऑयलर याने रॉबिन्सच्या ग्रंथाचा १७४५ मध्ये जर्मन अनुवाद केला. तथापि गोळीचे विचलन तिच्या आकारातील वैगुण्यामुळे होते, असे त्याचे मत होते. या बाबतीत प्रयोगकर्ता बरोबर होता आणि गणितज्ञ चुकला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आलेला रॉबिन्स १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. ज्याच्या प्रयोगात वळत्या चेंडूचे रहस्य प्रथम हाती लागले, त्याचा अखेरचा काळ कोरोमंडल किनाऱ्यावर गेला, ही गोष्ट भारतीय वाचकाने विसरू नये.

पुढे बर्लिनच्या माग्नुस याने १८५२ च्या सुमारास फिरत्या वस्तूवर पडणाऱ्या हवेच्या आडव्या जोराचे पद्धतशीर प्रयोग केले व त्या परिणामास त्याचेच नाव मिळाले. रेले याने १८७७ मध्ये टेनिसच्या चेंडूच्या वळणावर लिहिले. परंतु गोल्फच्या चेंडूस या शास्त्राशी जोडण्याचे श्रेय एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापक पीटर गथ्री टेट (१८३१–१९०१) यांच्याकडे जाते. १८९३ व १८९६ मधील निबंधांत त्यांनी फिरत्या गोलाच्या मार्गाचे गणित मांडले. चेंडूच्या फिरकीचे मोजमाप करण्याची त्यांची युक्ती साधी पण मार्मिक होती : चेंडूस एक लांब फीत जोडावयाची, तो जवळच ठेवलेल्या मातीच्या लक्ष्यावर मारावयाचा आणि फितीस किती पीळ पडले ते मोजावयाचे.

टेट यांचा निष्कर्ष असा, की उत्तम फटक्यातील चेंडू केवळ जोरामुळे एवढा वेळ हवेत राहू शकत नाही. त्यास उलटी फिरकी असते व तीच त्यास उचलून धरते. त्यांचा पुत्र फ्रेडी टेट (१८७०–१९००) हा १८९६ व १८९८ चा हौशी विजेता होता. वडिलांनी गणिताने ठरविलेली कमाल मर्यादा मुलाने एका फटक्यात ओलांडली, अशी गोष्ट आवडीने सांगितली जाते. तीत गणिताचा उपहास अभिप्रेत असतो. परंतु फिरकी नसेल तरच ती मर्यादा लागू पडते, हे दाखवून देणारे स्वतः टेटच होते, एवढे गोष्ट सांगणारे विसरतात. फ्रेडी टेट बोअर युद्धात फेब्रुवारी १९०० मध्ये मारला गेला. पुढच्याच वर्षी प्राध्यापक टेट निवर्तले.

इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन यांनी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘गोल्फच्या चेंडूचे गतिशास्त्र’ या विषयावर व्याख्यान दिले. विद्युत्भारित कणांच्या झोतास विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांनी वळवून त्यांनी ड्रॉ, स्लाइस व उंच फटका यांच्या वक्ररेषा श्रोत्यांस दाखविल्या. यातून एक तत्त्व स्पष्ट होते. चेंडूस ‘उलटी’ व ‘आडवी’ अशा दोन वेगवेगळ्या फिरक्या नसतात. फिरकी एकच असते, व तिचा अक्ष आडवा असला तर चेंडू सरळ वर उचलला जातो, अक्ष एका बाजूस कलला तर उचलणारा जोरही त्या बाजूस कलतो. उडत्या पक्ष्याने एक पंख खाली करून वळावे, तसे हे वळण असते.

क्रिकेटच्या परिभाषेशी येथे गल्लत होण्याचा संभव आहे. सुभाष गुप्ते यांच्यासारख्या लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वी हवेत खाली झुकतो किंवा सरकतो, तो याच माग्नुस परिणामामुळे. जलद गोलंदाजाचा स्विंग मात्र प्रामुख्याने शिवणीमुळे व चेंडूच्या दोन बाजूंच्या असमान झिलईमुळे होतो. गोल्फचा वळता फटका हा पहिल्याचा सगोत्र आहे, दुसऱ्याचा नव्हे.

४

शास्त्रज्ञ कारण शोधीत असताना खेळाडू काय करीत होते? १८९४ ते १९१४ या काळातील एकवीस खुल्या स्पर्धांपैकी सोळा हॅरी व्हार्डन, जे. एच. टेलर व जेम्स ब्रेड या तिघांनी जिंकल्या. व्हार्डन (१८७०–१९३७) याच्या १९०५ मधील शिक्षणग्रंथात लाकडी क्लबच्या विशेष फटक्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. चेंडू मुद्दाम वळविणे हे तेथे दोष म्हणून नव्हे, तर वारा व अडथळे यांवरील उपाय म्हणून शिकविले आहे. समुद्रकाठच्या उघड्या मैदानांवर वारा हाच खरा प्रतिस्पर्धी असतो. वाऱ्याशी झुंजणारा किंवा वाऱ्यावर स्वार होणारा फटका ज्यास येत नाही, त्यास तेथे निभाव लागणे कठीण.

याच सुमारास साधने झपाट्याने पालटली. कोबर्न हॅस्केल याने १८९९ मध्ये रबरी धागा गुंडाळून केलेल्या चेंडूचे पेटंट घेतले; १९०२ मध्ये सँडी हर्ड याने तो चेंडू वापरून खुली स्पर्धा जिंकली आणि गट्टीचा काळ संपला. लेस्टरच्या विल्यम टेलर याने १९०५ मध्ये चेंडूवरील वर्तुळाकार खळग्यांचे पेटंट घेतले. प्रांटल याने १९०४ मध्ये मांडलेल्या सीमास्तराच्या सिद्धान्तातून पुढे खळग्यांचे मर्म उलगडले : खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा थर खळबळतो, तो चेंडूस अधिक काळ चिकटून राहतो व मागील पोकळी लहान होते. अगदी गुळगुळीत गोलावर काही वेगमर्यादेत वळविणारा जोर उलट दिशेनेही लागतो. नव्या गट्टीचा बेभरवसा आणि हातोडीच्या खाचांचे यश, दोहोंचा उलगडा असा झाला.

हिकरी लाकडाच्या दांड्याची जागा पोलादाने घेतली. ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यास १९२९ मध्ये मान्यता मिळाली. हिकरीचा दांडा फटक्यात पिळवटे, म्हणून खेळाडूस हाताने मुख सांभाळावे लागे. पोलादामुळे क्लब एकजिनसी झाले व ते संचाने मिळू लागले. क्लीक, मॅशी, निब्लिक ही नावे जाऊन आकडे आले. क्लबांची संख्या वाढतच गेली, तेव्हा अमेरिकेने १९३८ मध्ये व सेंट अँड्रूजने १९३९ मध्ये कमाल चौदा क्लबांचा निर्बंध घातला. प्रत्येक अंतरासाठी निराळा क्लब घेण्याऐवजी एकाच क्लबने निरनिराळे फटके खेळण्याचे कौशल्य टिकावे, हा विचार या निर्बंधामागे होता.

या संचातील दोन, तीन व चार क्रमांकांचे लांब लोखंडी क्लब सर्वांत दुष्कर ठरले. पाते पातळ, कल कमी, दांडा लांब. नेमक्या मध्यावर चेंडू न लागल्यास हाताला झिणझिण्या येत व चेंडू जमिनीलगत पळे. परंतु ज्यास हा क्लब वश झाला, त्याच्या हाती वळणाचे उत्कृष्ट साधन आले. कल जितका कमी, तितका मुखाच्या थोड्या तिरपेपणानेही फिरकीचा अक्ष अधिक कलतो. म्हणून कमी कलाच्या क्लबने चेंडू सर्वांत अधिक वळतो.

वळणाविषयी दोन परस्परविरुद्ध पण सारख्याच यशस्वी भूमिका या काळात दिसतात. दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक (१९१७–१९८७) जवळजवळ प्रत्येक फटका उजवीकडून डावीकडे वळवून खेळे. त्याने १९४९, १९५०, १९५२ व १९५७ या चार वर्षी खुली स्पर्धा जिंकली. अमेरिकेचा बेन होगन (१९१२–१९९७) उमेदवारीच्या काळात बेसुमार हुकने गांजला होता; पकड बदलून त्याने डावीकडून उजवीकडचा बेताचा फेड साध्य केला. १९४९ च्या भीषण मोटार अपघातातून उठून त्याने १९५० मध्ये मेरियन येथे अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली व १९५३ मध्ये, आयुष्यात एकदाच खेळलेली ब्रिटिश खुली स्पर्धाही जिंकली. यावरून एक निष्कर्ष निघतो : वळणाची दिशा महत्त्वाची नसून त्याची खात्री महत्त्वाची असते. ज्याचा चेंडू नेहमी एकाच बाजूस वळतो, त्यास मैदानाची अर्धी बाजू मनातून पुसून टाकता येते.

५

येथे या इतिहासातील सर्वांत विचारणीय प्रकरण येते. वळता फटका कसा मारावा, याचा नियम विसाव्या शतकात बहुतेक शिक्षक असा सांगत : चेंडू क्लबच्या झोकाच्या दिशेने निघतो आणि मुख ज्या दिशेस असेल तिकडे अखेरीस वळतो, म्हणून पाय व खांदे प्रारंभीच्या दिशेस आणि मुख लक्ष्याकडे ठेवावे. नियम सोपा होता, मोठमोठ्या विजेत्यांनी तो सांगितला होता, आणि तो चूक होता.

ब्रिटनमधील गोल्फ सोसायटीच्या आश्रयाने झालेल्या संशोधनावर आधारलेला कॉक्रन व स्टॉब्स यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लब व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो, हे त्यातून सर्वांस ज्ञात झाले. एवढ्या अल्प काळात हाताने चेंडूस ‘वळवीत नेणे’ शक्यच नसते; जे घडावयाचे ते आघाताच्या क्षणीच्या मुखाच्या व झोकाच्या दिशांवरून ठरते. थिओडोर जॉर्गेन्सन यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात या दोन दिशांना सामावणाऱ्या प्रतलाची कल्पना मांडली : चेंडू त्या प्रतलात निघतो व ते प्रतल उभे नसून तिरपे असेल तर चेंडू वळतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डॉप्लर रडारच्या मोजमापांनी हे सर्वत्र मान्य झाले. चेंडू प्रामुख्याने मुखाच्या रोखाने निघतो. प्रारंभीच्या दिशेत मुखाचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. मुख व झोक यांच्या दिशांत फरक असेल तर, मध्यावर लागलेला चेंडू झोकाच्या विरुद्ध बाजूस वळतो.

चुकीच्या नियमाचे फल काय, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. खेळाडू व लक्ष्य यांच्यामध्ये झाड आहे आणि चेंडू त्याच्या उजवीकडून काढून डावीकडे वळवावयाचा आहे. जुन्या नियमाप्रमाणे मुख लक्ष्याकडे, म्हणजे झाडाकडेच, ठेवले तर चेंडू झाडाच्या जवळपास निघेल व खोडावर आदळेल. मुखदेखील लक्ष्याच्या उजवीकडेच ठेवले पाहिजे, फक्त झोकाइतके नव्हे. असे असता तो नियम सांगणारे विजेते झाडाला वळसा कसे घालीत होते? उत्तर असे, की ते सांगत एक व त्यांचे हात करीत दुसरेच. हजारो फटक्यांच्या सरावाने हातास जे कळले होते, ते बुद्धीस कळले नव्हते. सामान्य शिष्याजवळ मात्र तसा हात नव्हता. त्यास केवळ शब्द मिळाले, आणि चेंडू झाडावर आदळला की तो स्वतःसच दोष देत राहिला. कारागिराची कृती व कारागिराचे स्पष्टीकरण ही दोन निराळी साधने आहेत, हे कलेच्या व हस्तव्यवसायाच्या कोणत्याही इतिहासकाराने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

६

आता हायब्रिडकडे वळू. त्याची पूर्वचिन्हे १९७० नंतरच्या दशकातच दिसतात. टॉमस क्रो याच्या कोब्रा कंपनीने १९७५ मध्ये ‘बॅफलर’ नावाचा, तळाशी दोन कणे असलेला लाकडी क्लब बाजारात आणला. जुन्या बॅफिंग स्पूनचीच आठवण हे नाव करून देते. गॅरी ॲडम्स याने १९७९ मध्ये स्थापन केलेल्या टेलरमेड कंपनीने पोलादाची पोकळ डोकी रूढ केली. पोकळ डोक्यामुळे वजन हवे तेथे, म्हणजे खाली व मागे, नेणे कारागिरास शक्य झाले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लोखंडी क्लबच्या लांबीजवळ येणारा दांडा व लाकडी क्लबसारखे लहानसे पोकळ डोके यांचा संयोग सर्वसामान्य झाला आणि लांब लोखंडी क्लब पिशव्यांतून नाहीसे होऊ लागले.

हायब्रिडचे वर्तन त्याच्या गुरुत्वमध्यावरून समजते. लोखंडी पात्याचा गुरुत्वमध्य मुखाच्या अगदी लगत असतो. हायब्रिडचा मागे व खाली असतो. याचे तीन परिणाम होतात. पहिला, चेंडू अधिक उंच निघतो व हिरवळीवर अलगद उतरतो. दुसरा, वाढलेल्या गवतात पात्याची मान अडकून मुख मिटते, तसे न होता हायब्रिडचा गोलसर तळ गवतावरून घसरत जातो. तिसरा परिणाम वळणाशी निगडित आहे : चेंडू मुखाच्या टोकाकडे लागला तर डोके गुरुत्वमध्याभोवती किंचित फिरते आणि दोन दातेरी चाकांप्रमाणे चेंडूस उलट फिरकी देते. त्यामुळे टोकाकडे लागलेला चेंडू डावीकडे व टाचेकडे लागलेला उजवीकडे वळू पाहतो. लाकडी क्लबात हा परिणाम मोठा, पात्यात जवळजवळ शून्य, आणि हायब्रिडमध्ये मधला असतो.

म्हणून हायब्रिडने वळण देता येत नाही, हे म्हणणे निराधार आहे. मुख व झोक यांचा नियम त्यासही तंतोतंत लागू आहे. ड्रॉ हवा असेल तर झोक लक्ष्याच्या उजवीकडे व मुख त्या दोहोंच्या मध्ये. फेड हवा असेल तर याच्या उलट. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. चेंडू मुळातच उंच जात असल्याने वाऱ्याखालून नेणारा ठेंगणा, वळता फटका हायब्रिडने कठीण जातो; त्यासाठी चेंडू मागच्या पायाकडे ठेवून, दांडा पुढे झुकवून मुखाचा कल कमी करावा लागतो. शिवाय अनेक हायब्रिड चेंडू डावीकडे नेण्याच्या प्रवृत्तीचे घडविलेले असतात, कारण सामान्य खेळाडूचा रोग स्लाइस हा आहे. जो आधीच ड्रॉ खेळतो त्याच्या हाती अशा क्लबने हुक होण्याचा धोका असतो. एकाचे औषध ते दुसऱ्याचे अपथ्य ठरते.

दोन घटना या क्लबची व्याप्ती दर्शवितात. २००४ मध्ये रॉयल ट्रून येथे टॉड हॅमिल्टनने एर्नी एल्स याच्याशी झालेल्या चार खळींच्या निर्णायक फेरीत, शेवटच्या खळीवर हिरवळीच्या अलीकडून हायब्रिडनेच चेंडू जमिनीवरून सरपटवीत खळीजवळ नेला व खुली स्पर्धा जिंकली. २००९ मध्ये हेझेल्टीन येथे दक्षिण कोरियाच्या यांग योंग-उन याने शेवटच्या खळीवर २०६ यार्डांवरून वाटेतल्या झाडाच्या वरून हायब्रिडने चेंडू हिरवळीवर उतरविला आणि टायगर वुड्सला मागे टाकले. आशियात जन्मलेल्या पुरुष खेळाडूने मोठी स्पर्धा जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. एका फटक्यात चेंडू जमिनीस सोडावयास तयार नव्हता, दुसऱ्यात तो झाडाच्या शेंड्यावरून गेला. क्लब एकाच जातीचा होता.

७

उपरोक्त विवेचनाचा समारोप असा करता येईल. हायब्रिड नवा नाही. लोखंडाच्या शतकभराच्या वर्चस्वानंतर स्पूनचे ते पुनरागमन आहे. जो लांब लोखंडी क्लब ‘जुनी कला’ म्हणून गौरविला जातो, तोही त्याच्या काळी गट्टीच्या चेंडूने घडविलेला नवागतच होता. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीच्या साधनास परंपरा म्हणते व पुढच्या साधनास सवलत म्हणते.

तथापि तक्रारीत सत्याचा अंश नाही असे नाही. चूक पचवून घेणारा क्लब खेळाडूस चुकीची जाणीवही कमी देतो, आणि हाताचे ज्ञान हे पुष्कळसे चुकीच्या वेदनेतूनच येते. पात्यावर लागलेला वाकडा फटका हाताला झोंबे. तीच शिकवण होती. हायब्रिडच्या काळात हे शिक्षण रडारच्या आकड्यांवर सोपविले गेले. पूर्वीच्या विजेत्यांजवळ हात होता, कारण नव्हते. पुढील खेळाडूंजवळ कारण आहे, परंतु कारण जाणल्याने हात तयार होत नाही. रॉबिन्स, टेट व टॉमसन यांनी जे शोधले आणि रॉबर्टसन, व्हार्डन व होगन यांनी जे साधले, ते दोन्ही एकाच फटक्यात उतरावयाचे असेल तर सरावास पर्याय नाही; क्लब मग स्पून असो, क्लीक असो की हायब्रिड.